टपावरच्या गादीचं माप

जीप फाटकातून आत आली तेव्हा तिच्या ओठांत तीन टाचण्या होत्या, त्यामुळे पहिली दोन मिनिटं ती त्याच्याशी एक शब्दही बोलली नाही. पुढे बऱ्याच दिवसांनी तिला वाटायचं, खोड तिथूनच दिसायला हवी होती. टाचण्या निदान काढून ठेवता येतात.

कारखाना बाबांचा. कारखाना म्हणजे काय, तर पत्र्याची एक लांब शेड, जाड कापड शिवायची दोन मशीनं, कापणीचं बारा फुटी टेबल आणि पुढे फरशीचं अंगण. ट्रकच्या ताडपत्र्या आणि दुकानांपुढची कापडी छतं हे जुनं काम. अलीकडे टपावरचे तंबूही यायला लागले होते. गाडीच्या टपावर घडी करून बसवायचे, मुक्कामाला उघडायचे, शिडी लावायची आणि वर जाऊन झोपायचं. बाबांच्या डोळ्यांत काचबिंदू उतरल्यापासून कात्री तिच्या हातात आली होती, आणि कात्रीबरोबर बाबांचा एकुलता एक नियमही आला होता. विचारल्याशिवाय कापायचं नाही. ती गिऱ्हाइकाला इतकं विचारायची की लोकांच्या नाकी नऊ यायचे. कापड एकदा कापलं की कापलं, त्याची समजूत घालता येत नाही, असं बाबा म्हणायचे.

"तंबू गळतो," जीपमधून उतरलेला माणूस म्हणाला. उन्हाने रापलेला चेहरा, लाल डोळे. "रोज पहाटे तोंडावर थेंब. तीन महिने झाले, नीट झोप नाही."

तिने टाचण्या काढल्या. "किती जण झोपता?"

"अं?"

"तंबूत. किती जण?"

"सध्या एकच."

"सध्या असा आकडा नसतो. एक की दोन?"

तो हसला. हसल्यावर त्याचे दमलेले डोळे जरा बरे दिसले. "एक लिहा. पण पेन्सिलीने लिहा."

ती पेन्सिलीनेच लिहायची, सगळ्यांचंच. तरी का कोण जाणे, त्या दिवशी पेन्सिल हातात घेताना तिचे कान गरम झाले.

गळती शोधायची त्यांची एकच रीत होती. एकाने आत बसायचं, दुसऱ्याने बाहेरून पाण्याची नळी धरायची. ती आत चढली. उजव्या अर्ध्या भागात एक मोठी लोखंडी पेटी होती, डाव्या अर्ध्यात चपटी झालेली गादी. ती गादीवर मांडी घालून बसली आणि ओरडली, "सोडा."

वरून पाऊस सुरू झाला. चांगलं लख्ख ऊन पडलेलं, आणि तिच्या डोक्यावर मात्र धो-धो पाऊस. कापडावर तो इतका जोरात वाजत होता की बाहेरचं काही ऐकू येईना. ती शिवणीशिवणीवरून बोट फिरवत गेली. कोरडी. कोपरे कोरडे. खिडक्या कोरड्या.

"गळतं?" बाहेरून आवाज.

"नाही."

"अजून सोडू?"

"सोडा…" गरज नव्हती. पण त्या पावसात बसायला बरं वाटत होतं.

खाली उतरल्यावर तिने विचारलं, "खिडक्या उघड्या ठेवता?"

"छे. थंडी वाजते. सगळ्या चेन गच्च लावतो."

"मग तंबू गळत नाही. तुम्ही गळता."

"म्हणजे?"

"रात्रभर तुम्ही श्वास सोडता. त्याची वाफ वर जाते, कापड थंड असतं, तिथे तिचं पाणी होतं. पहाटे तेच तुमच्या तोंडावर. एका माणसाला एक खिडकी चार बोटं उघडी हवी. दोघांना दोन्ही, चार-चार बोटं."

"दोघांचं कशाला सांगताय?"

"माहिती असावी," ती म्हणाली, आणि उगाचच टेपची गुंडाळी करत बसली.

शेडमधून बाबांचा आवाज आला, "मास्तर, शिवण निघाली का कुठे?" बाबा तिला कामाच्या वेळी मास्तर म्हणत. त्या दिवसापासून तोही म्हणायला लागला, आणि त्याच्या तोंडी ते भलतंच वेगळं वाटायचं.

तो विहिरी मोजायचा. गावोगावच्या विहिरींत वजन लावलेली टेप सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. महिन्याला ऐंशी विहिरी. मुक्काम जिथे जीप उभी राहील तिथे. बाबांनी त्याचं नाव विहीरवाला ठेवलं. पंधरा दिवसांनी विहीरवाला पुन्हा हजर झाला.

"आता थेंब नाही," तो म्हणाला. "पण सकाळी डोकं जड होतं."

"गाडी कशी उभी करता?"

"चार चाकांवर."

"ते दिसतंय. सपाट असते का?"

नव्हती. हा माणूस पाण्याची पातळी मोजून पोट भरत होता आणि स्वतः मात्र उतारावर डोकं खाली, पाय वर करून झोपत होता. तिला हसू आवरेना. तिने त्याला शेडमधली पाणसळ दिली. ती तंबूच्या तळावर ठेवायची, बुडबुडा मध्ये येईपर्यंत चाकांखाली फळ्या सारायच्या आणि मगच तंबू उघडायचा. शिडी फार उभी लावायची नाही, झोपेत उतरताना पाय चुकतो. गादीखाली जाळीची चटई टाकायची, म्हणजे खालून ओल धरत नाही. बूट आत न्यायचे नाहीत, शिडीपाशी पिशवीत टांगायचे. तो वहीत लिहून घेत होता, विहिरींच्या आकड्यांच्या पलीकडच्या पानावर.

"तुम्हाला या तंबूत फार छान झोप लागत असेल," तो म्हणाला.

"मी? मी कधी झोपलेच नाही."

"काय सांगता."

"शिवायला येतात, झोपायला नाही."

त्याने तिच्याकडे असं काही पाहिलं, जणू मिठाईवाल्याच्या घरात साखर नाही हे त्याला आत्ता कळलं होतं.

त्यानंतर दर पंधरवड्याला काही ना काही बिघडू लागलं. कधी बंद तुटला, कधी बटण, कधी शिडीचं रबर. बाबांना डोळ्यांनी कमी दिसत होतं, पण एवढं दिसत होतं. "फार नाजूक तंबू आहे बुवा विहीरवाल्याचा," ते म्हणायचे आणि आत निघून जायचे.

एका दुपारी तो आला तो काही न मोडता आला. अंगणात झाडाच्या सावलीला जीप लावली, फळ्या सारल्या, पाणसळ ठेवली, बुडबुडा मध्ये आणला. तंबू उघडला. दोन्ही खिडक्या मोजून चार-चार बोटं उघडल्या. पेटी खाली काढून ठेवली.

"मास्तर, वर जा. झोपा."

"वेडे आहात का? तीन ताडपत्र्या पडल्यात."

"ताडपत्र्या कुठे पळून जात नाहीत. चाळीस मिनिटं. मी इथे बसतो, कुणाला येऊ देणार नाही."

ती बाबांकडे बघायला लागली. बाबा म्हणाले, "माझ्याकडे काय बघतेस? मला दिसत नाही."

तिने चपला शिडीपाशी काढल्या, पिशवीत टांगल्या आणि वर गेली. आपण पाच मिनिटं नुसतं पडून राहू, असं तिला वाटलं होतं. पण वारा एका खिडकीतून यायचा, तिच्या कपाळावरून जायचा आणि दुसऱ्या खिडकीतून निघून जायचा. पानांच्या सावल्या कापडावर हलत होत्या. खाली तो दबक्या आवाजात कुणाला तरी सांगत होता, "मास्तर कामात आहेत. नंतर या." आणि हे ऐकता ऐकता तिला इतकी गाढ झोप लागली की आई गेल्यापासून तशी लागली नव्हती.

जागी झाली तेव्हा दीड तास उलटला होता. तो शिडीच्या तळाशी बसला होता, शेवटच्या पायरीला पाठ टेकून.

"उठवलं का नाहीस?" ती म्हणाली. आपण अरे-तुरे केलं हे तिच्या नंतर लक्षात आलं.

त्याच्या ते लगेच लक्षात आलं. तो वर बघून म्हणाला, "तू झोपेत टाके मोजतेस."

त्या दिवसापासून तू. त्याहून जास्त काही झालं नाही, आणि त्याहून जास्त काही व्हायची गरजही नव्हती. त्याच्या जीपचा आवाज तिला वळणावरूनच ओळखू यायचा, आणि मग हातातली कात्री ती एकदा तरी चुकीच्या बोटात घालायची.

सहा-सात महिन्यांनी त्याची बदली झाली. डोंगरापलीकडचा सगळा भाग, दोन वर्षं. हे सांगायला तो आला तेव्हा ती मशीनवर होती. तिने मशीन थांबवलं नाही.

"जायच्या आधी गादी नवी करून दे," तो म्हणाला. "दोन वर्षं त्यावर काढायची आहेत. चार इंची फोम घे, चांगला. परवा नेतो."

"बरं."

"माप…" तो जरा थांबला. "माप घ्यायला तंबू जीपसकट इथेच ठेवून जातो."

तो गेल्यावर ती टेप घेऊन वर चढली आणि गुडघ्यांवर तशीच बसून राहिली. पेटी नव्हती. उजवी बाजू झाडून-पुसून स्वच्छ केलेली होती. दिवा अडकवायला आधी एक आकडा होता, आता दोन होते. दुसरा नवा कोरा, उजव्या बाजूला, तिचा हात पोचेल इतक्या उंचीवर. त्याचा हात तर आणखी वीतभर वर पोचत होता.

तिला कळलं. कळलं नाही असं ती पुढे कधीच म्हणाली नाही, स्वतःशीसुद्धा नाही. तंबूची आतली रुंदी साडेचार फूट. अख्खी गादी साडेचारची, एकट्याची सव्वादोनची. एका प्रश्नाचं काम होतं, आणि तो प्रश्न ती रोज येईल त्या गिऱ्हाइकाला विचारत होती. किती जण?

पण विचारलं आणि तो "दोन" म्हणाला, तर बाबांना या पत्र्याखाली एकटं सोडून जायचं का, याचं उत्तर तिला द्यावं लागणार होतं. आणि विचारलं आणि तो "एक" म्हणाला, आकडा उगाच बसवला म्हणाला, तर ते तिला सोसलं नसतं. न विचारता दोन्ही टळत होतं. दुसऱ्या दिवशी तिने अख्ख्या फोमच्या मधोमध रेघ मारली आणि कापला.

संध्याकाळी बाबा टेबलापाशी आले. शिवून झालेल्या गादीवरून त्यांनी हात फिरवला, एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत. मग वितीने मोजलं.

"हे माप कुणी दिलं?"

"मीच घेतलं."

"विचारलंस?"

ती दोरा तोडत राहिली.

"मास्तर, विचारलंस का?"

"त्याला पेटी ठेवायला लागते, बाबा."

बाबा आत जायला वळले. उरलेला अर्धा फोम त्यांच्या पायाला लागला. त्यांनी वाकून तो उचलला, भिंतीशी उभा केला आणि चाचपडत आत गेले. अजून एक अख्खी रात्र हातात होती. तो फोम जोडून घ्यायला तासभरही लागला नसता. ती दिवा मालवून झोपायला गेली.

तो सकाळी आला. गादी वर नेऊन पसरली आणि बराच वेळ खाली उतरला नाही. ती खाली शिडी धरून उभी होती. धरायची काही गरज नव्हती.

"छान झालीय," वरून आवाज आला. मग थोड्या वेळाने, "उरलेली जागा मोठी दिसते, मास्तर."

"पेटी ठेव की."

"पेटी मागे बसवून घेतलीय. जीपच्या."

"मग… पुस्तकं ठेव."

तो उतरला. तिच्यासमोर उभा राहिला, काही बोलेल असं वाटलं. तिच्या हातात टेप होती. ती टेप ओढत होती आणि सोडत होती, ओढत होती आणि सोडत होती. त्याने त्या टेपकडे पाहिलं.

"हो. पुस्तकं ठेवीन," तो म्हणाला.

बाबांच्या पाया पडला आणि निघाला. वळणावर त्याने नेहमीसारखा हॉर्न वाजवला नाही.

आठ दिवसांनी जेवताना बाबा म्हणाले, "माझ्या डोळ्यांवर ढकलू नकोस हं."

"मी काय ढकललं?"

"तुझी आत्या इथे येऊन राहायला केव्हाची तयार आहे. तिच्या घरात तिचं कोण आहे? तिलाही तू विचारलं नाहीस."

ती ताट उचलून उठली. पुढच्या काही महिन्यांत त्याची दोन पत्रं आली, नुसत्या विहिरींच्या पातळ्या लिहिलेली, खाली "झोप ठीक." तिने चारदा उत्तर लिहायला घेतलं आणि चारही वेळा खिडक्या उघड्या ठेव, यापलीकडे काही लिहिता आलं नाही. मग पत्रं थांबली. उरलेला फोम तिने जुन्या पडद्याच्या कापडात गुंडाळून कापणीच्या टेबलामागच्या फळीवर ठेवला. चांगला फोम होता. कुणाच्या ना कुणाच्या कामाला आला असता. तीन गिऱ्हाइकांनी तेवढाच तुकडा मागितला, आणि तिन्ही वेळा तिने नवा आणून दिला.

दोन वर्षं पुरी होऊन चार महिने झाले होते. वळणावर आवाज आला आणि तिने कात्री खाली ठेवली. या खेपेला तोंडात टाचण्या नव्हत्या.

जीप तीच, वाळूने घासून फिकी पडलेली. तो उतरला. जरा भरला होता, चांगला झोपलेला दिसत होता.

"मास्तर," तो म्हणाला. "कशा आहात?"

त्या आहात-ने तिला सगळं सांगितलं. तरी तिने चढून पाहिलं, कारण काम होतं. आधी खिडक्या दिसल्या. पूर्वी डाव्या खिडकीचीच चेन चार बोटांच्या खुणेपाशी झिजलेली असायची. आता दोन्ही तिथेच झिजल्या होत्या, अगदी सारख्या. गादीच्या उजव्या बाजूला दुसरी अर्धी गादी हाताने टाचली होती. मोठे मोठे टाके, निळा दोरा. टाके वेडेवाकडे होते, पण घट्ट होते. कुणीतरी जीव लावून घातले होते.

"मधे फट पडते," खालून तो सांगत होता. "उजवी बाजू इंचभर बसलीय, तिथे साधा फोम मिळाला. ती रात्री घसरून त्या फटीत जाते. काल तर तिचा डोळाच लागला नाही."

ती म्हणजे पुढच्या सीटवर झोपलेली बाई. काचेला गाल टेकलेला, मांडीवर नोंदींची वही, हातात उघडं पेन. त्याच्याबरोबर विहिरी मोजते, तो म्हणाला. दीड वर्ष झालं लग्नाला.

तिने टेप घेतली. या वेळी तिने सगळं विचारलं. किती जण? दोन. डावीकडे कोण? मी. तिची उंची किती, ती कुशीवर झोपते की पाठीवर, तिला थंडी वाजते का, तिची पाठ दुखते का? तो एकेक सांगत गेला. कुशीवर. पाठ दुखते. तिने पेनने लिहिलं.

मग ती टेबलामागे गेली आणि फळीवरून ते गाठोडं काढलं. पडद्याचं कापड सोडलं. निळे टाके उसवून उजवा साधा तुकडा तिने बाजूला काढला. विहीरवाल्याची डावी बाजू दोन वर्षांत थोडी बसली होती, तिच्याखाली तिने एक पातळ थर घातला. शेजारी फळीवरचा अर्धा ठेवला. कापलेल्या कडा एकमेकींना लावल्या. तिने त्या दिवशी रेघ जराशी तिरकी मारली होती, आणि तो तिरकेपणा बरोबर जुळला. वरून एकच अख्खी खोळ शिवली. अडीच तास लागले.

तो वर जाऊन आडवा झाला, मध्ये तळहात दाबून पाहिला.

"फटच नाही," तो म्हणाला. मग त्याने दोन्ही बाजू पुन्हा दाबून पाहिल्या. "मास्तर… हा फोम कुठून आणला?"

"उरलेला होता."

"कधीचा?"

"त्याच गादीचा."

तो खाली आला. शेवटच्या पायरीवर बसला, त्या दुपारी बसला होता तसाच. हळू आवाजात म्हणाला, "मी विहिरीत टेप सोडतो ना, ती पाण्याला टेकेपर्यंत सोडतो. हात दुखला तरी. तुझ्यापाशी मात्र मधेच थांबलो. म्हटलं, माप तू काढलंयस, म्हणजे विचार करूनच काढलं असशील."

"विचार केलाच नाही रे," ती म्हणाली. "भ्यायले नुसती."

त्याने मान हलवली. बोलण्यासारखं खूप होतं, आणि आता बोलून कुणाचंच भलं नव्हतं. पुढचं दार वाजलं. त्याची बायको डोळे चोळत उतरली आणि हसत म्हणाली, "याच का मास्तर? यांच्या तोंडी सारखं मास्तर म्हणाले, मास्तर म्हणाले. मला वाटायचं, असतील कुणी म्हातारे गृहस्थ."

"सगळ्यांना तसंच वाटतं," ती म्हणाली. "जा, झोपून बघा. काही टोचलं तर आत्ताच सांगा."

बायकोने बूट काढून पिशवीत टांगले, वर गेली, उजवीकडे कुशीवर आडवी झाली. हात वर करून तिने दिव्याच्या आकड्याला हात लावायला पाहिलं, पण तो तिला पोचेना. "हा जरा उंच बसलाय," ती आतून म्हणाली. "नेहमी उठून बसावं लागतं."

"काढून खाली लावून देते," मास्तर म्हणाली, आणि पेचकस घेऊन वर गेली. विचारून, बायकोच्या हाताशी बोट ठेवून, तिने आकडा वीतभर खाली बसवला.

जाताना त्याने वळणावर हॉर्न वाजवला. एकदाच.

ती आत आली. टेबलामागची फळी रिकामी होती, तिच्यावर फोमच्या आकाराची स्वच्छ जागा उरली होती आणि भोवती धूळ. ती ओल्या फडक्याने फळी पुसायला लागली. बाबा खुर्चीत बसले होते, मान आवाजाच्या दिशेने वळवून.

"विहीरवाला होता ना?"

"हो."

"आज विचारलंस?"

"हो बाबा," ती पुसता पुसता म्हणाली. "आज सगळं विचारलं."